पडद्याशेजारच्या खुर्चीतला आवाज : प्रमिलाताई चोपडे

प्रमिलाताईंची आणि माझी पहिली भेट चिखलावरून झाली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. नांदुऱ्याच्या आमच्या वाचनालयात दुपारची वर्तमानपत्रं वाचणारी चार माणसं सोडली तर कुणी नव्हतं. साठीकडे झुकलेल्या एक बाई आत आल्या. अंगावर साधं सुती लुगडं, हातात खाकी कागदाचं वेष्टन घातलेली जाड वही. त्यांनी विचारलं, "ग्रंथपाल कोण इथं?"

"मीच," मी म्हणालो.

"मला चिखलासाठी एक शब्द हवाय."

मी शब्दकोश काढायला उठलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "कोश माझ्याकडे आहे. पावसाळ्यात काळ्या वावरातून गाडी नेली की चाक निम्मं आत जातं. त्या चिखलाला तुमच्या गावाकडं काय म्हणतात?"

माझं गाव रोहिणखेडजवळ, मोताळा तालुक्यात. वाचनालयाच्या टेबलामागे बसल्यावर मी गावाकडचे शब्द जरा जपूनच वापरत असे. तरी म्हणालो, "गारा."

"गारा," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. "तीस-पस्तीस वर्षं बाहेर गेली. शब्द आठवत होता, पण भरवसा वाटत नव्हता."

कशासाठी हवा होता, असं विचारल्यावर त्यांनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, "एका रशियन सिनेमातला रणगाडा फसलाय. त्याला मराठीत फसवायचा आहे."

त्या दिवसापासून आजपर्यंत मी ताईंच्या कामाचा साक्षीदार आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहीत आहेत. मी फक्त जे पाहिलं ते सांगतो.

ताईंचं माहेर नांदुऱ्याजवळच्याच एका खेड्यातलं, घर शेतकऱ्याचं. लग्नानंतर त्या यजमानांबरोबर परप्रांतात गेल्या. यजमान एका मोठ्या पोलाद कारखान्यात फोरमन होते आणि त्या कारखान्यात सोव्हिएत अभियंत्यांचं येणंजाणं होतं. वसाहतीत ताईंच्या शेजारी अशाच एका अभियंत्याचं कुटुंब राहायला आलं. त्यांच्या पत्नीचं नाव गालीना. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. या भिंतीवरून मीठ, दोरा, लोणचं यांची देवाणघेवाण होता होता ताई रशियन शिकल्या. पुढं त्यांनी परीक्षा दिल्या आणि कारखान्याच्या भाषांतर विभागात यंत्रांच्या माहितीपुस्तिका हिंदीत आणण्याचं काम वीस वर्षं केलं. गालीनाबाई चार वर्षांनी मायदेशी परतल्या, पण पत्रं येत राहिली. यजमान गेल्यावर ताई नांदुऱ्याला आल्या त्या या पत्रांची एक पत्र्याची पेटी आणि सिनेमांच्या डिस्कचा एक खोका घेऊन.

आमच्या वाचनालयाचं चित्रपट मंडळ त्यांनी आणि इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक भास्करराव इंगळे सरांनी मिळून सुरू केलं. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी चार वाजता, वरच्या मजल्यावरचा हॉल. सरांनी आधी दहा मिनिटं इतिहास सांगायचा आणि मग सिनेमा. पडद्याच्या डाव्या बाजूला एक लाकडी खुर्ची, एक छोटा दिवा, ध्वनिक्षेपक आणि ताईंची वही. पडद्यावरची माणसं त्यांच्या भाषेत बोलत आणि ताई त्यांच्यामागोमाग मराठीत. सेनापती, पोस्टमन, नवरी, म्हातारा, सगळ्यांचा आवाज एकच, तरीही कोण बोलतंय हे कधी विचारावं लागलं नाही. एका सिनेमासाठी त्या महिनाभर खपत. संवाद ऐकून लिहायचे, भाषांतर करायचं, पडद्यावर ओठ किती वेळ हलतात ते मोजायचं आणि त्या मापाचं वाक्य होईपर्यंत खोडत राहायचं.

पहिल्याच खेळाची एक आठवण आहे. युद्धावर निघालेल्या मुलाला आई निरोप देते, असा प्रसंग होता. ताईंनी त्या आईच्या तोंडी नेटकी पुस्तकी मराठी घातली होती. मागच्या रांगेतून सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार तायडे मोठ्यानं म्हणाले, "ताई, ते माय आहे का तहसीलदार?" हॉल हसला. ताईही हसल्या, पण विसरल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी जाहीरपणे सुभेदारांचे आभार मानले आणि तोच प्रसंग पुन्हा दाखवला. या वेळी ती आई म्हणाली, "दोन घास खाऊन जाय रे बाप्पा. मंग कवा खाशीन, कोन जाने." कुणी हसलं नाही. आपल्या जिल्ह्यात घरटी नाही तरी आळीतून एखादा तरी जवान आहे. सुभेदारांनी रुमाल काढला, तो सिनेमा संपेपर्यंत खिशात गेला नाही.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. या काळात आम्ही पडद्यावर जे जे पाहिलं, त्या सगळ्याला आम्ही 'रशियन' म्हणत होतो. गाव रशियन, गव्हाची शेतं रशियन, सैनिक रशियन. इंगळे सर तर त्या देशावर लहानपणापासून लुब्ध होते. कॉलेजात असताना पुस्तकांच्या फिरत्या गाडीवरून घेतलेली तिकडची स्वस्त, सुबक पुस्तकं त्यांनी आजही प्लास्टिकच्या वेष्टनात जपून ठेवली आहेत. गरिबाचा मुलगा शिकला तो त्या पुस्तकांच्या बळावर, असं ते सांगत, आणि ते खरंच आहे.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी रमेशभाऊ सपकाळ ताईंच्या दारात आले. रमेशभाऊ एसटीत कंडक्टर. त्यांची मुलगी वैष्णवी खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होती आणि वसतिगृहाच्या तळघरात अडकली होती. ताईंना रशियन येतं हे त्यांना ठाऊक होतं. मी त्या वेळी तिथंच होतो, पुढच्या खेळाच्या जाहिरातीचा मजकूर दाखवायला गेलो होतो.

"ताई, पोरगी म्हन्ते, वर आवाज होऊन राह्यले. पानी संपत आलं. तिच्याजवळच्या कोनाशी तरी बोला," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

पुढचे चार दिवस ताईंचा फोन कुणाच्या ना कुणाच्या हातात होता. वसतिगृहाच्या राखणदार बाईंशी त्या बोलल्या आणि पाणी कुठं मिळेल ते मुलींना कळलं. एका टॅक्सीवाल्याशी बोलल्या. चौथ्या दिवशी मुली रेल्वे स्थानकावर पोहोचल्या. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात तोबा गर्दी होती. वैष्णवीनं डब्याच्या दारातल्या कंडक्टर बाईंच्या हातात फोन दिला. आमच्याकडे उन्ह चढलं होतं. रमेशभाऊ ओसरीच्या खांबाला धरून उभे होते.

ताई रशियनमध्ये बोलू लागल्या. पुढं त्यांनी मला सांगितलं की त्या म्हणाल्या, "बाई, ती माझी नात आहे." रमेशभाऊंना भाषा कळत नव्हती, पण मध्येच ते म्हणाले, "ताई, तिले सांगा, मीबी कंडक्टरच आहो. गर्दी मले समजते. एका पोरीले जागा होते, सांगा तिले."

ताईंनी तेही सांगितलं. मग त्या बाई काही तरी बोलल्या आणि फोन बंद झाला. ताईंचा चेहरा पडला. रमेशभाऊ मटकन खाली बसले.

"चढवते म्हणाली," ताई म्हणाल्या. "पोरीला चढवते म्हणाली, रमेशभाऊ. उठा."

रमेशभाऊ रडले. मी त्यांना पाणी दिलं. पण ताईंचा चेहरा तसाच होता. ते गेल्यावर मी विचारलं. ताई म्हणाल्या, "ती आणखी एक वाक्य बोलली. 'आजी, तुमच्या नातीला चढवते, पण माझ्याशी या भाषेत बोलू नका. आज ही भाषा कानाला लागते.' गजाननराव, तीही माझ्याशी याच भाषेत बोलत होती. तिला ती सहज येत होती. तरी लागत होती."

वैष्णवी सुखरूप परत आली. दोन महिन्यांनी ती आईवडिलांबरोबर आमच्या खेळाला आली. तो जुना युद्धपट होता. खेळ संपल्यावर माणसं पांगली, तेव्हा ती ताईंच्या खुर्चीजवळ गेली. त्या फोनच्या दिवसांपासूनच ती त्यांना आजी म्हणू लागली होती.

"आजी, एक सांगू? राग येईल."

"सांग ना बाई."

"सिनेमातलं ते गाव, ते वावरं, ते म्हातारी गाणं म्हन्ते ते, ते सारं युक्रेनचं आहे. तुम्ही पूरा टाइम रशियन रशियन म्हणून राह्यल्या. मी तिथं चार वर्षं होती."

"ती बोली जरा वेगळी आहे," ताई म्हणाल्या. "खेड्यातली. आपल्या वऱ्हाडीसारखी."

"बोली नाही, आजी. भाषा आहे. तेची व्याकरणाची पुस्तकं आहेत, कवी आहेत." मग ती म्हणाली, "अन् वऱ्हाडीले कोनी गावंढळ म्हटलं तर तुमाले कसं वाटते?"

हा प्रश्न वर्मी लागला. तरुणपणी पुण्याला नणंदेच्या घरी ताई 'मले' म्हणाल्या तेव्हा बैठकीतली माणसं कशी हसली होती, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्यांनी वही मिटली, दिवा बंद केला आणि त्या घरी गेल्या.

दोन दिवसांनी त्यांनी वैष्णवीला आणि मला घरी बोलावलं. पत्र्याची पेटी उघडी होती. गालीनाबाईंची पत्रं रशियनमध्ये असत, पण सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या पत्रांत शेवटी चारदोन ओळी वेगळ्या दिसत. ताईंना त्या अर्ध्यामुर्ध्या कळत. मैत्रीण माहेरच्या बोलीत गंमत करतेय, असं समजून त्यांनी त्या तशाच सोडल्या होत्या. वैष्णवीनं चष्मा पुसला आणि अडखळत एका पत्रातल्या ओळी वाचल्या. त्यांचा अर्थ असा होता :

'प्रमिला, हे माझ्या भाषेत लिहिते. तुला कळणार नाही, तरी तुला सांगायचं आहे. माझी आजी भाकरीचा कण खाली पडू देत नसे. का, ते तिनं आम्हाला मरेपर्यंत सांगितलं नाही. तिची तीन भावंडं एका हिवाळ्यात उपाशी गेली होती. धान्य पिकलं होतं. ते उचलून नेलं होतं. आता लोक बोलू लागले आहेत.'

खाली सही होती. वैष्णवी म्हणाली, "आजी, हे गालीना नाही. त्यांच्या भाषेत हालिना म्हणतात."

ताईंनी पत्र हातात घेतलं. "पहिल्या दिवशी भिंतीवरून तिनं नाव सांगितलं, ते हालिनाच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, हिले आपलं नाव नीट घेता येत नाही. तिच्या नवऱ्याने दुरुस्त केलं, अन् मी तेच धरून बसले. पंचवीस-तीस वर्षं हे पत्र माह्या पेटीत पडून आहे."

ताई एरवी आमच्याशी शुद्ध मराठीत बोलत. त्या दिवशी त्या माहेरच्या भाषेत बोलल्या, हे मला तेव्हा जाणवलं नाही, नंतर जाणवलं.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ताईंनी युक्रेनियन शिकायला सुरुवात केली. वैष्णवीचं शिक्षण दुसऱ्या देशात पुढं सुरू व्हायला पाच-सहा महिने होते, तेवढ्या काळात ती रोज सकाळी दहाला येई. मुळाक्षरांपासून धडे. रशियन येत असल्यामुळे सोपं जाईल असं मला वाटलं होतं. ताई म्हणायच्या, उलटं आहे, प्रत्येक शब्दापाशी जुना शब्द आधी उभा राहतो, त्याला बाजूला करावं लागतं.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सिनेमा सुरू होण्याआधी ताई खुर्चीतून उठून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचं ते बोलणं मी त्याच दिवशी टिपून ठेवलं. त्या म्हणाल्या, "मंडळी, अकरा वर्षं मी तुम्हाला या खुर्चीत बसून सिनेमे सांगितले. त्यांत जी दोन देशांची माणसं होती, त्यांना मी एकाच देशाची म्हटलं. हे अज्ञानानं झालं, पण झालं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या तोंडून मी अन्याय करणाऱ्याचं नाव वदवलं. त्या सगळ्या वह्या मी पुन्हा लिहिणार आहे. त्यातले सिनेमे पुन्हा दाखवू. ज्यांना वेळ असेल त्यांनी यावं."

माझ्या शेजारी इंगळे सर बसले होते. ते उठले आणि जिन्यानं खाली गेले.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले. ताई होत्याच. सर संतापले नव्हते, दुखावले होते. ते म्हणाले, "प्रमिलाताई, नावांची दुरुस्ती मी समजू शकतो. पण तुम्ही तो नव्वद वर्षांपूर्वीच्या युक्रेनमधल्या दुष्काळाचा सिनेमा लावणार आहात असं ऐकतो. तो प्रचार आहे. ज्या देशानं निम्म्या जगाला उभं राहायला शिकवलं त्याची बदनामी आहे. तेव्हा अवर्षण होतं."

"सर, अवर्षण आपल्यालाही नवं नाही," ताई म्हणाल्या. "त्यात वावरात पिकत नाही. तिथं पिकलं होतं, आणि सरकारनं ते घरातून उचलून नेलं."

"हे तुम्हाला एका पत्रावरून कळलं?"

"पत्रावरून कळायला लागलं. मग मी वाचलं. तुम्हीच मला वाचायला शिकवलं, सर."

सरांनी काठी उचलली. "मग प्रस्तावनेला दुसरा माणूस शोधा," असं म्हणून ते निघून गेले. त्यानंतर चार महिने त्यांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पाय ठेवला नाही. कार्यकारिणीतल्या दोघांनीही मला बाजूला घेऊन, हा विषय इथं कशाला, असं सुचवलं. ताईंना हे सगळं कळत होतं. सरांची सोबत तुटली याचं त्यांना किती लागलं ते मी पाहिलं आहे. त्या आठवड्यात त्या वाचनालयात येऊन बसायच्या, वही उघडायच्या आणि एकही ओळ न लिहिता मिटायच्या. पण सिनेमा बदलला नाही.

प्रस्तावना मी करावी असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी घाबरलो. चार माणसांत उभं राहून बोलायची मला कधी सवय नव्हती. "माझ्या तोंडात वऱ्हाडी येते, लोक काय म्हणतील," असं मी म्हणालो. ताई म्हणाल्या, "लोक म्हणजे कोण? सुभेदार? त्यांच्या तोंडात काय येतं?" आणि मग आठवडाभर त्यांनी मला समोर बसवून माझ्याकडून बोलून घेतलं. त्यांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. उजेड सोसत नव्हता म्हणून काळा चष्मा लावून त्या ऐकत. त्यानंतर मी आजवर अनेक व्यासपीठांवर बोललो. त्या दिवशीच्या दहा मिनिटांइतकं मोलाचं काही बोललो असं मला वाटत नाही.

तो सिनेमा काळापांढरा होता, हल्लीच्याच एका युक्रेनियन दिग्दर्शकाचा. कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात एक म्हातारी वाकून काही वेचत असते. पडलेली कणसं उचलून ती ओच्यात टाकते. लांबून घोडेस्वार येतो. त्या कणसांसाठी तिला पकडून नेतात. त्या काळी तिथं असं खरोखरच घडत होतं. ताईंना त्या प्रसंगासाठी शब्द शोधायला फार लांब जावं लागलं नाही. म्हातारी म्हणते, "मालक, चोरी नाही केली. सरवा येचून राह्यली."

सरवा म्हणजे पीक निघाल्यावर रानात मागं राहिलेलं धान्य. आपल्याकडे तो वेचायला कुणीही यावं, कुणी अडवत नाही. माझी आई भुईमुगाचा सरवा वेचून आणायची, आम्ही तो भाजून खायचो. हॉलमध्ये त्या दिवशी बाया बऱ्याच होत्या. त्यातली एक, गंगूबाई नावाची शेतमजुरी करणारी म्हातारी, शेजारणीला म्हणाली आणि सगळ्यांनी ऐकलं, "सरव्याले कोनी चोरी म्हन्ते का व? हे कोनतं राज्य होतं, माय?"

ताईंचा आवाज त्या दिवशी एकदाच अडला, तो इथं. पडद्यावर दोन वाक्यं पुढं गेली. मग त्यांनी ती गाठली.

सिनेमा संपल्यावर मी दिवे लावायला दाराशी गेलो, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर इंगळे सर बसलेले. आत आले नव्हते. पडदा तिथून दिसत नाही. पण ताईंचा आवाज स्पष्ट येतो. त्यांनी तो सबंध सिनेमा केवळ ऐकला होता. मी हात दिला, ते उठले आणि आत आले. हॉल रिकामा होत होता. ताई वही आवरत होत्या.

सर म्हणाले, "मला अजून सगळं पटलेलं नाही, हे आधी सांगतो."

"बसा सर," ताई म्हणाल्या.

"पण त्या म्हातारीचं बोलणं खोटं नाही. माझी आजी बोलायची तसं ती बोलली. ते खोटं असतं तर मला कळलं असतं." मग म्हणाले, "माझी पुस्तकं फेकून देऊ म्हणता का?"

"कशाला? त्यांनी तुम्हाला शिकवलं. फक्त त्यात काय नव्हतं तेही आता वाचा. माझ्याकडे आहे, मी मराठीत करून देते."

पुढच्या महिन्यापासून प्रस्तावना पुन्हा सर करू लागले. कधी कधी त्यांत ताईंशी उघड मतभेद असतो. हॉल दोघांचंही ऐकतो. हा मजकूर छापायला देण्याआधी मी सरांना वाचून दाखवला. "असू द्या," एवढंच ते म्हणाले.

एकदा सुभेदार तायडेंनी विचारलं होतं, "ताई, मंग आता रशियनाचे सिनेमे बंद काय?" ताईंनी उत्तर दिलं, "सुभेदार, त्यांच्यातही आया आहेत. त्यांच्या पोरांना कुणी तरी पाठवलं म्हणून ती गेली. त्या आयांचं रडणं मी का बंद करू?" आणि त्यांनी खरंच एका रशियन आईचा सिनेमा दाखवला, जी आपल्या बेपत्ता मुलाला शोधत कचेरीमागून कचेरी फिरते आणि तिला कुणी उत्तर देत नाही. न्याय कुणाच्या बाजूला आहे याबद्दल ताईंच्या मनात आज गोंधळ नाही, पण द्वेष त्यांनी आपल्या खुर्चीपाशी फिरकू दिला नाही.

हालिनाबाईंचा शोध वैष्णवीनंच लावला. तिच्या वर्गमैत्रिणीच्या ओळखीनं, पत्रावरच्या जुन्या पत्त्यावरून त्यांची मुलगी सापडली. युद्धामुळे मायलेकी देशाच्या पश्चिम भागात गेल्या होत्या. हालिनाबाईंची स्मृती क्षीण झाली होती, माणसं ओळखू येत नव्हती. एका दुपारी वाचनालयाच्या संगणकावर बोलणं जुळवून दिलं. पडद्यावर एक अगदी बारीक झालेली म्हातारी खिडकीकडे पाहत बसली होती. मुलीनं पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी तिनं इकडे पाहिलं नाही.

आपल्या मराठीसारखंच युक्रेनियनमध्येही हाक मारताना नाव थोडं बदलतं. रशियनमध्ये असं होत नाही. ताई पडद्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "हालिनो."

त्या बाईंनी मान वळवली. काही तरी पुटपुटल्या. मुलगी रडू लागली. ताईंनी आम्हाला सांगितलं, त्या विचारत होत्या, "मला माझ्या आईसारखी हाक कोण मारतंय?" मग थोड्या वेळानं त्यांनी आणखी एक विचारलं. भिंत अजून आहे का? ताई म्हणाल्या, आहे. खरं तर ती वसाहत केव्हाच पाडली गेली. ताईंना मी त्या एकदाच असत्य बोलताना पाहिलं. नात असल्याचं त्यांनी गाडीतल्या बाईंना सांगितलं होतं, ते मी यात धरत नाही. हालिनाबाई पुढच्या हिवाळ्यात वारल्या.

आता शेवटचं. वैष्णवी आज डॉ. वैष्णवी झाली आहे. सगळ्या परीक्षा पार करून ती जिल्ह्याच्या रुग्णालयात उमेदवारी करते आहे. मागच्या वर्षी खारकीव्हच्या एका तरुण मुलीनं केलेला अनुबोधपट ताईंच्या हाती आला. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात भूमिगत रेल्वेच्या स्थानकात आसरा घेतलेल्या माणसांचा तो आहे. त्यात एक विद्यार्थिनी आहे. ती रोज आईला फोन करून, मी जेवले, असं सांगते. ताईंनी सगळ्या माणसांचे संवाद लिहून काढले, पण त्या विद्यार्थिनीची पानं कोरी सोडली. हे शब्द वैष्णवीनं लिहावेत आणि तिनंच खुर्चीत बसून बोलावेत, असं त्यांनी तिला सुचवलं.

वैष्णवी म्हणाली, "मले नाही जमनार, आजी. ते दिवस आठवले की मी पेन खाली ठेवून देते."

"मग नको. मी थांबते," ताई म्हणाल्या. तो अनुबोधपट अजून दाखवलेला नाही. कार्यकारिणीनं दोनदा विचारलं, इतर गावांच्या मंडळांनीही मागणी केली. ताईंचं उत्तर एकच : वही पूर्ण नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी वैष्णवी वाचनालयात आली. वर हॉलमध्ये ताई एकट्या बसल्या होत्या, मी पुस्तकं लावत होतो. तिनं पर्समधून एक कागद काढला. त्यावर चार ओळी होत्या. ती खुर्चीत बसली, दिवा लावला आणि वाचू लागली. "माय, मी जेवली. तू जेवली का?" इतकं वाचलं आणि थांबली. ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "आज एवढंच," त्या म्हणाल्या. "पुढच्या सुट्टीला पुढचं."

ती वही भरायला किती सुट्ट्या लागतील मला माहीत नाही. त्या देशातल्या तोफा केव्हा थांबतील हेही कुणाला माहीत नाही. ताईंना दोन्हींची वाट पाहायची आहे, आणि घाई करायची नाही. तेव्हा त्या पूर्ण वहीचा खेळ होईपर्यंत, आणि त्यानंतरच्या कित्येक दुसऱ्या रविवारी, त्यांची नजर, आवाज आणि श्वास शाबूत राहोत. पहिल्या रांगेत इंगळे सर, सुभेदार, गंगूबाई आणि रमेशभाऊ बसलेले असोत. पडद्याशेजारच्या खुर्चीत वैष्णवी बोलत असो. आणि इतकी वर्षं सगळ्यांच्या वतीनं बोलत आलेल्या प्रमिलाताईंना त्या दिवशी श्रोत्यांत बसून, काही न बोलता, तो सिनेमा शेवटपर्यंत ऐकता येवो.